यादीत एकच नाव

काटेवाडी, ३ डिसेंबर २०२४

प्रिय तात्या,

तुझा निरोप पोचला. सख्ख्या बहिणीला निरोप द्यायला तुला निरवांगीचा सुयोग लागतो. आपलं शेत वाट्यानं करतो म्हणून तो बिचारा दोघांच्या मध्ये सापडलाय. काल डाळिंबाची दोन क्रेट घेऊन आला, चहा प्याला, आणि चपला घालता घालता म्हणाला, "आक्का, तात्या म्हनत्यात त्ये बोलायचं मशीन बेंगलोरला पाठवून द्या. कंपनीवर केस करायची हाय." मी म्हटलं, बघते. दहा महिने झाले, माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलायस, म्हणून हे पत्र. पत्राला तसं काही करता येत नाही.

मशीन माझ्याकडंच आहे. आईची लुगडी मी निरवांगीहून आणली तेव्हाच तेही आणलं. कपाटात लुगड्यांच्या खाली, वायर गुंडाळून ठेवलंय.

तुझं म्हणणं सुयोगनं नीट सांगितलं. त्या दुपारी छातीत कळ आल्यावर आईनं मशीनला हाक मारली असणार, मशीननं ऐकलं नसणार, म्हणून तुला फोन आलाच नाही. अठ्ठावीस हजार मोजून घेतलेली वस्तू ऐन वेळी मुकी बसली, तर कंपनीनं भरून द्यावं. मला कायद्यातलं कळत नाही. तू ते घेतलंस तेव्हा मीच म्हणाले होते की चार हजारालाही असला डबा मिळतो. तेव्हा तू मला फोनवर अर्धा तास समजावलंस, की महागड्याला कान चांगले असतात, आई पडवीतून बोलली तरी स्वयंपाकघरातल्या मशीनला ऐकू जाईल, आणि म्हातारीला मोबाईलचं बटण शोधत बसायला नको.

मला केसशी देणंघेणं नाही. मला एवढंच विचारायचंय की २६ जानेवारीला, रविवारी, तिथीनं आईचं वर्षश्राद्ध आहे, तर तू येणार का? आईबाप दोन्ही गेले. मला माहेर म्हणून आता तू एकटा आहेस, आणि तू आला नाहीस तर ते दार बंद झालं असं मी समजेन.

दहाव्याला नीरेच्या घाटावर मी बोलले ते बोलायला नको होतं. तासभर कावळा शिवत नव्हता, भावकी तुझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी म्हणाले, "तात्यानं आईला मशीन पाठवलंय, त्यातनंच कावळ्यालाबी हाक मारा." कुणी हसलं नाही. तू ओल्या धोतरानंच जाऊन गाडीत बसलास. मी जिभेची तिखट आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे, पण ते तिखटपणानं बोललेलं नव्हतं. कशानं होतं ते लिहायला मला थोडा वेळ दे.

तुझी ताई

—

काटेवाडी, १४ डिसेंबर २०२४

प्रिय तात्या,

बारामतीच्या पोस्टात चौकशी केली. पत्र तुला पोचलंय, सही तुझीच आहे. उत्तर नाही. बरं.

मशीन अजून पाठवलेलं नाही. मधे एक प्रकार झाला. आमच्या शेजारच्या स्वरूपाची आई डाळजला एकटी असते. तिनं विचारलं, "वहिनी, तुमच्या आईंकडं ते बोलकं मशीन होतं ना? तसलं महागाचं घ्यावं का साधं?" तिला काय सांगावं कळेना, म्हणून म्हटलं स्वतःच बघ. कपाटातून काढलं, ओट्यावर ठेवलं, पिन लावली. वरचा निळा दिवा गोल फिरला. आम्ही दोघी चहा घेत बसलो.

एक वाजला आणि ते बोललं. "धोंडाबाई जी, दोपहर की दवाई का समय हो गया है। क्या आपने दवाई ले ली?"

तूच ती वेळ ठरवून दिली होतीस. सकाळी आठ, दुपारी एक, रात्री आठ. ती कुणी काढली नाही, काढायचं सुचलंही नाही. स्वरूपानं बशी खाली ठेवली. आणि तात्या, माझ्या तोंडून निघून गेलं, "ली बाबा, ली." आईसारखंच. आई तसंच वैतागून सांगायची, आठवतं? तिचं हिंदी म्हणजे तिच्या मराठीला पाहुण्याचे कपडे घातलेले. मशीन म्हणालं, "बहुत अच्छा, अपना ख़याल रखिए।" स्वरूपा चहा तसाच टाकून घरी गेली.

मी पिन काढायला हवी होती. काढली नाही. दुसऱ्या दिवशी एक वाजायच्या आधी हातातलं काम ठेवून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशी स्टूल घेऊन बसले. मेलेल्या माणसाला कुणीतरी रोज वेळेवर विचारतं, गोळी घेतली का, आणि मी तिच्या वतीनं सांगते, घेतली. हे घरी जेवायला आले तेव्हा त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अनिता, देवापुढं बसल्यावानी बसतीस त्याच्यापुढं. काढून ठेव ते." मग ठेवलं. आता कपाट बंद असतं, तरी एक वाजला की मी ज्या खोलीत असेन तिथं थांबते.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. मशीन चांगलं आहे. माझा आवाज त्याला स्वयंपाकघरातून, मागच्या दारातून, पाण्याच्या टाकीपासून, सगळीकडून ऐकू जातो. मी मुद्दाम करून पाहिलं. कंपनीनं तुला फसवलेलं नाही, आणि तुझी केस उभी राहायची नाही. मला वाटतं ती तू करू नयेस.

तुझी ताई

—

काटेवाडी, २९ डिसेंबर २०२४

प्रिय तात्या,

सुयोग परत येऊन गेला. तू म्हणतोस, "मशीन आता चांगलं असलं म्हणून त्या दिवशी चांगलं होतं असं नाही. कंपनीचा माणूस उघडून बघेल, त्या दुपारी त्यानं काय ऐकलं ते निघेल." सुयोग हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. त्याला स्वतःचंच लागून राहिलंय. त्या दुपारी तो घरापासून हाकेच्या अंतरावर डाळिंबाला फवारत होता, कानाशी ब्लोअरचा आवाज, आणि दूध न्यायला आला तेव्हा चार वाजले होते. मला म्हणाला, "आक्का, म्या फवारा बंद केला असता तर आईचा आवाज आला असता का वं?" मी त्याला सांगितलं, नसता आला. पुढं सांगायला हवं होतं की दोष त्याच्याकडं येतच नाही, मधेच दुसरं कुणीतरी उभं आहे. ते सांगितलं नाही.

कंपनीचा माणूस उघडणार असेल तर त्याच्या आधी तू माझ्याकडूनच ऐक.

मशीन तू पाठवलंस, पण जोडलं मी. माझ्या फोनवरून, माझ्या नावानं, कारण निरवांगीत ते करणारं दुसरं कोण होतं? त्यात फोन लावण्यासाठी नंबरांची यादी भरायची असते. तू म्हणाला होतास, "ताई, तुझा घाल, माझा घाल, सुयोगचा घाल." मी फक्त तुझा घातला.

विसरले नाही. ठरवून केलं. त्या आठवड्यात आईसाठी माझ्या निरवांगीला चार खेपा झाल्या होत्या. एकदा दाताला, एकदा गॅसला, एकदा उगीच, एकदा तिला वाटलं साप आहे आणि तो पाण्याचा पाइप निघाला. इथं माझी सासू अंथरुणाला खिळलेली, आणि तू बेंगलोरहून बॉक्स पाठवून मोकळा. मी मनात म्हटलं, आता जरा याचाही फोन वाजू दे. मीच का दर वेळी धावायचं? चार दिवस याला आईच्या हाका ऐकू देत, मग घालू माझा नंबर. चार दिवसांचे सात महिने कसे झाले ते मला सांगता येत नाही. तिचा मोबाईल होताच, मला ती त्याच्यावरून करायचीच, म्हणून काही अडलं नाही. अडलं ते त्या एकाच दिवशी, जेव्हा मोबाईल पुढच्या खोलीत चार्जिंगला होता आणि तिला फरशीवरून उठता येत नव्हतं.

आणि तुझा नंबर मी 'मोहन' नावानं घातला.

हे वाचून तू क्षणभर थांबशील. मलाही तेव्हा थांबायला हवं होतं. तुला आजोबांचं नाव ठेवलं, आणि सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून आईनं तुला जन्मात त्या नावानं हाक मारली नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं तर तिनं आजीला पुढं केलं होतं. म्हणून तर तू तात्या झालास, पाळण्यात असल्यापासून. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आई तिथंच बसली होती. मी तुझं नाव मोठ्यानं म्हणत टाइप केलं तशी ती म्हणाली, "आन्ता, त्ये नाव कशाला घातलंस गं? मला कसं घेता यील?" आणि मी, तुझी बारावी शिकलेली बहीण, म्हणाले, "आता काय तुझे सासरे ऐकायला बसल्यात का हितं? घ्यायला शिक."

ती हसली नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "बरं."

तिला हसले मी. पण तीन पत्रं झाली तुला, त्यात माझ्या नवऱ्याचं नाव कुठं आलंय का बघ. ह्यांना, हे, त्यांनी. मला बंदुकीच्या धाकानं सांगितलं तरी ते तोंडातून पटकन येणार नाही.

मशीन पाठवायचं का, ते आता सांग.

तुझी ताई

—

काटेवाडी, ९ जानेवारी २०२५

प्रिय तात्या,

या वेळी सुयोगचा नुसता फोन आला. "आक्का, तात्यांनी केस सोडली. मशीन पाठवू नका म्हनत्यात. फेकून द्या म्हनत्यात. आन् तुमच्यावर राग न्हाय म्हनत्यात." मी विचारलं, वर्षश्राद्धाला येतो म्हणाला का? तर म्हणाला, त्याचं कायच बोलले न्हाईत.

मी माझा गुन्हा कबूल करायचा आणि तू राग नाही म्हणून सोडून द्यायचंस, आणि तरी यायचं नाहीस, हे मला कळलं. का ते मला माहीत आहे. मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे, तू बोरं चोरून आलास की दारातच मला कळायचं.

मशीन जे ऐकतं ते साठवून ठेवतं. तो साठा माझ्या फोनमध्ये आहे. आईची राख सावडून आलो, सगळे जेवायला बसले, आणि मी फोन उघडला तर त्यात सात फेब्रुवारीची दुपार होती. मी मागच्या पाण्याच्या टाकीआड जाऊन ऐकली. तेव्हापासून अकरा महिन्यांत किती वेळा ऐकली ते मोजलं नाही. हे कुणालाच माहीत नाही, ह्यांनाही नाही.

एक वाजता मशीन गोळीचं विचारतं, आई म्हणते, ली. नंतर भांड्यांचे आवाज. एक वाजून अठरा मिनिटांनी ती मशीनला हाक मारते. ते परदेशी नाव तिच्या तोंडात बसायला आठ दिवस लागले होते, पण त्या दुपारी एकदम स्वच्छ घेतलंय. आणि म्हणते, "आन्ता को फोन लगाव."

तात्या, तिनं पहिली हाक मला मारली.

मशीन म्हणतं, "माफ़ कीजिए, अनिता नाम का कोई संपर्क नहीं मिला।" ती परत म्हणते. ते परत तेच सांगतं, त्याच गोड आवाजात. तिसऱ्यांदा ती मराठीत समजावते. "आगं बाई, माझी लेक. काटेवाडीला आस्ती. तिला सांग, छातीत लई दुखाया लागलंय." त्याला सगळं ऐकू जातं, शब्द न् शब्द, मागचा श्वाससुद्धा. महागडं घेतल्याचा उपयोग झाला म्हणायचा. मी त्या वेळी इथं ओट्यापाशी होते, फोन कमरेला होता. चौकातल्या डॉक्टरांची गाडी घेऊन अर्ध्या तासात पोचले असते, नाहीतर तिथल्या तिथं सुयोगला पळवलं असतं. इंदापूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तूही ऐकलंस, तासभर आधी आणायला हवं होतं.

मग तिनं तुझं नाव घेतलं. "तात्या को फोन लगाव." नाही मिळाला. "तात्या को. माझा ल्योक. बेंगलोर." नाही मिळाला. मधे वीसेक मिनिटं काही नाही.

पुढचं आहे. आज लिहवत नाही.

ताई

—

काटेवाडी, १७ जानेवारी २०२५

प्रिय तात्या,

एक वाजून त्रेचाळीस मिनिटांनी ती परत बोलते. आवाज बारीक झालाय. आधी मला वाटायचं ती मशीनशी बोलतेय. चारपाच वेळा ऐकल्यावर कळलं की ती आजोबांशी बोलतेय, ज्यांना जाऊन तीस वर्षं झाली. "मामंजी, लई वरसं पाळलं. आता पदर पसरते, माफी करा." आणि मग, गरम भांड्याला हात लावावा तसं, "मोहन को फोन लगाव."

"मोहन को कॉल कर रही हूँ।"

लागला तो फोन. मशीन बिघडलेलं नव्हतं हे मी पहिल्या पत्रात लिहू शकत होते, पण ते लिहिलं की हेही लिहावं लागलं असतं. पहिला फोन पूर्ण वाजला, कुणी उचलला नाही. आईनं परत लाव म्हणून सांगितलं. दुसरा चार सेकंदांत बंद झाला. न उचललेला फोन चार सेकंदांत बंद होत नाही. तो माणसानं बंद केलेला असतो.

तू मीटिंगमध्ये असशील. मी आईचा फोन असाच दहादा कापलाय, भाकरी थापताना, सासूला पुसताना, कधी नुसता कंटाळा आला म्हणून. त्या दिवशी माझा नंबर यादीत असता तर मीही कापला नसता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तू संध्याकाळी सात वाजता तिला उलटा फोन केलास. तो मी उचलला. तू म्हणालास, "आईनं दुपारी केला होता, काय काम होतं का?" आणि मी म्हणाले, आई गेली. त्यानंतर ते दुपारचं तू पुन्हा कधी बोलला नाहीस. नंतर भावकीत तू सांगायला लागलास की फोन आलाच नाही. मी ऐकून घेतलं. आणि मग तुझं तुलाच खरं वाटायला लागलं की काय, तू कंपनीवर केस करायला निघालास.

घाटावर मी बोलले तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. तुला नेमकं कुठं लागेल ते बघूनच बोलले. सगळ्यांनी तुझ्याकडं बघावं आणि माझ्याकडं कुणी बघू नये म्हणून बोलले. तू मला यादीसाठी माफ केलंस, तुझा राग नाही. पण त्या घाटासाठी तू रागवायला हवास, तो राग मला चालेल.

स्वरूपाला मी शेवटी सांगितलं, घ्यायचं तर महागडंच घे, लांबचं खरंच ऐकू येतं. फक्त आधी एक दिवस आईजवळ बस, ती कुणाला काय म्हणून हाक मारते ते तिच्या तोंडून ऐक, आणि पहिला नंबर स्वतःचा घाल. तिनं घेतलं. मागच्या आठवड्यात डाळजला जाऊन जोडूनही आली. आल्यावर म्हणाली, "वहिनी, आई मला अजून 'छकुली' म्हणते, मी विसरलेच होते."

आता राहिलं ते सांगते. दुसरा फोन कापला गेल्यावर मशीन विचारतं, "मोहन अभी उपलब्ध नहीं हैं। क्या मैं फिर से कोशिश करूँ?" मी दर वेळी ऐकताना मनात म्हणते, हो म्हण, आई, आणखी एकदा म्हण. ती म्हणते, "नगं बाई. कामात आसंल त्यो. करंल मागनं."

तिच्या आवाजात राग नाही. तक्रार नाही. तुला शाळेतून यायला उशीर झाला की दारात उभी राहून म्हणायची तसाच आवाज आहे. मी अकरा महिने त्यात राग शोधतेय, तुझ्यावरचा नाहीतर माझ्यावरचा, कारण तो सापडला असता तर सोपं झालं असतं. नाही सापडला.

त्यानंतर पंधरा मिनिटांनी एकदा ती मशीनला हाक मारते, पण पुढं काही सांगत नाही. मशीन म्हणतं, "जी, मैं सुन रही हूँ।" मग ते नुसतं ऐकत राहतं. आठ सेकंद. तिथं संपतं.

मी ते पुसलेलं नाही आणि तुला पाठवणारही नाही. असलं काही कानाला लावून एकट्यानं बेंगलोरला ऐकायचं नसतं. मी एकटीनं ऐकलं, माझं काय झालं ते बघतोच आहेस. दर वेळी मला त्यात फक्त 'आन्ता' ऐकू येतं, बाकीचं कानावरून जातं. तुला तुझे चार सेकंद ऐकू येतील. ये, दोघं शेजारी बसून ऐकू, मग ठेवायचं का पुसायचं ते ठरवू. नाही ऐकायचं म्हणालास तर न ऐकता पुसू.

सुयोगकडं निरोप देऊ नकोस. येतोयस का नाही ते सांगायला मला फोन कर. हातात काहीही असलं तरी मी उचलीन.

तुझी
आन्ता